नाताळची वही

आमच्या घरी एक वही आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, कडांना तेलाचे डाग पडलेली. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'नाताळ' असं लिहिलेलं आहे. रेशनकार्ड आणि मुलांच्या शाळेचे दाखले ज्या फळीवर असतात, त्याच फळीवर ती असते. नवा पाहुणा आला आणि वही त्याच्या नजरेला पडली, की तो विचारतोच, "तुमच्याकडे नाताळची वही कशी काय?" याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

आम्ही म्हणजे आम्ही दोघी जावा. आमचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही एसटीत, स्वारगेट आगारात. मूळ गाव वाई तालुक्यातलं. १९८९ साली पुण्यात आलो तेव्हा पेठांमधून घर शोधत पुष्कळ फिरलो. खोली पसंत पडायची, भाडं ठरायचं, आणि नाव सांगितलं की घरमालकाला एकदम आठवायचं, की पुढच्या महिन्यात आपला पुतण्या राहायला येणार आहे. पुण्यात इतके पुतणे एकाच वेळी कुठून येतात, असं दोघांतला धाकटा भाऊ हसून म्हणायचा. त्या हसण्यात हसू फार नसायचं. शेवटी शहर ओलांडून कात्रजला आलो.

कात्रज तेव्हा पुण्याचं टोक होतं. साताऱ्याकडून येणारी गाडी घाट उतरली की पुण्याची खूण म्हणून आधी कात्रजच दिसायचं. डिसेंबरात तळ्यावरचा वारा हाडांत शिरायचा. याच तळ्याचं पाणी नानासाहेब पेशव्यांच्या काळात नळ बांधून शहरातल्या हौदांपर्यंत नेलं होतं. आता पुणेकरांना कात्रज हे नाव तळ्यापेक्षा दुधाच्या पिशवीवरून जास्त ठाऊक आहे, कारण जिल्हा दूध संघाची डेअरी इथलीच. आम्हाला मिळालेलं घर तळ्याच्या बाजूला, तीन मजली इमारतीत, सगळ्यात वर होतं. आमचं नाव ऐकून इथले मालकही घुटमळले होते. तेव्हा तळमजल्यावरच्या बाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "एसटीतली माणसं आहेत. भाडं वेळेवर देतील. द्या की." या बाई म्हणजे मावशी. पुढे वीस वर्षं आमच्या घरात 'मावशी' हा शब्द दुसऱ्या कुणासाठी वापरला गेला नाही.

मावशी निवृत्त नर्स. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. माहेर आणि सासर दोन्ही नगर जिल्ह्यातलं. अमेरिकन मराठी मिशनने नगरकडे शाळा आणि दवाखाने काढले, त्या काळात त्यांचे आजोबा ख्रिस्ती झाले. पण मावशींच्या घरात परकं असं काही नव्हतं. त्या नऊवारी नेसत नसत एवढंच, बाकी बोलणं, ओव्या, म्हणी, वरणाला द्यायची फोडणी सगळं नगरचं. सकाळी स्वयंपाक करताना रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं गुणगुणत. नाताळ जवळ आला की त्यांच्याकडे करंज्या, चकल्या, शंकरपाळी, अनारसे व्हायचे. मराठी ख्रिस्ती घरांतून नाताळला हाच फराळ असतो, हे आम्हाला पुण्यात आल्यावर कळलं. नाताळ म्हणजे केक, असं आम्ही समजत होतो. पण आमच्या ईदच्या शिरखुर्म्याबद्दल आणि घरी बोलल्या जाणाऱ्या दखनीबद्दल दुसऱ्यांच्या अशाच समजुती असतात, तेव्हा तक्रार करायला आम्हाला जागा नव्हती.

त्यांचं चर्च गुरुवार पेठेतलं, उंच घंटाघराचं, पंचहौदाजवळचं. एकदा आम्ही त्यांच्याबरोबर त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा त्यांनी पंचहौद मिशनच्या चहाची गोष्ट सांगितली. १८९० साली पुण्यातली मोठी मोठी मंडळी तिथे व्याख्यानाला गेली. समोर चहा आला. कुणी प्यायला, कुणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली, आणि शहरात वादळ उठलं. ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावं लागलं. "एक कपभर चहा," मावशी म्हणाल्या, "आणि नुसता चहा हो, बरोबर बिस्किटसुद्धा घेतलं की नाही, यावरही लोक भांडले असतील." मग जरा थांबून म्हणाल्या, "म्हणून आमच्याकडे कुणी जेवायला आलं की मला फार बरं वाटतं."

नाताळचं जेवण त्यांच्याकडे मोठं असे. नगरचे दीर, भाचे, पुतणे, दवाखान्यातल्या जुन्या मैत्रिणी, इमारतीतली सगळी बिऱ्हाडं, मिळून चाळीस पानं. दोन खोल्यांच्या घरात आणि दोन शेगड्यांवर चाळीस माणसांचं जेवण एका दिवसात होत नाही. ते पंधरवडाभर आधी सुरू करावं लागतं, आणि त्यासाठी ती वही. वहीत रकाने आखलेले होते. पंधरा दिवस आधी: सुकं खोबरं किसून भाजून ठेवणे, कारण ओल्या नारळाची करंजी टिकत नाही. भाजणी दळून आणणे. आठ दिवस आधी: गरम मसाला कुटणे, फराळ डब्यांत भरून डब्यांना चिठ्ठ्या लावणे. चार दिवस आधी: कांदा उभा चिरून, तळून, कागदावर पसरून, पूर्ण गार झाल्यावर बंद डब्यात. दोन दिवस आधी: आलं-लसूण-मिरचीचं वाटण, त्यात मीठ आणि वरून तेल. आदल्या रात्री: मटण दह्यामसाल्यात. आणि खाली लाल शाईने: 'भात आदल्या दिवशी करायचा नाही. रस्सा केलाच तर मोठ्या पातेल्यात तसाच ठेवायचा नाही, परातींत पसरून गार करायचा, मग लहान भांड्यांतून तीन फ्रिजमध्ये वाटायचा.' हे नर्सचं लिहिणं होतं. मोठं पातेलं वरून गार लागतं पण आतून तासन्‌तास कोमट राहतं आणि कोमट अन्न लवकर बिघडतं, हे त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. तीन फ्रिज म्हणजे त्यांचा एक, आमचा एक आणि मधल्या मजल्यावरच्यांचा एक.

वहीतलं एक पान केकचं होतं. सुका मेवा दोन बरण्यांत भिजायचा. एक बरणी रमची. ती गणपती उठले की भरली जायची. दुसरी संत्र्याच्या रसाची. ती चार दिवस आधी भरून फ्रिजमध्ये जायची, कारण रस टिकत नाही. या दुसऱ्या बरणीच्या गळ्याला पांढरा दोरा बांधलेला असे. तिचा चमचा वेगळा, केकचं भांडं वेगळं. तो आमचा केक. पहिल्या नाताळला आम्ही केक घ्यायला कचरलो, तेव्हा त्या काही बोलल्या नव्हत्या. दुसऱ्या वर्षी दोऱ्याची बरणी आली. मटणाचंही तसंच. १९९१ पासून मावशी नाताळचं मटण आमच्याबरोबर कोंढव्याला येऊन आमच्याच खाटकाकडून घेऊ लागल्या. का, ते आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

१९९२ चा डिसेंबर आला. मुंबईच्या बातम्या रोज येत होत्या. आमचे दोघेही रात्रपाळीवरून घरी येईपर्यंत आम्ही खिडकीत उभ्या राहायचो. नाताळच्या दिवशी खाली चाळीस माणसं जमलेली. त्यांतली निम्मी अनोळखी. त्यांच्यात जाऊन बसावं असं आम्हाला वाटेना. निरोप पाठवला, की मुलांना ताप आहे. दहा मिनिटांत मावशी जिना चढून वर आल्या. मुलांच्या कपाळाला हात लावून पाहिला. नर्सपुढे तापाची थाप चालत नाही. म्हणाल्या, "पोरींनो, तुमची नावं वहीत लिहिली आहेत. महिन्याभरापूर्वी लिहिली. आता खोडायची म्हणजे पान खराब होतं." आम्ही खाली गेलो. जेवताना कुणी मुंबईचा विषय काढला नाही. काढला असता तर आम्ही काय बोललो असतो, हे आजही आम्हाला सांगता येणार नाही.

आता २००० सालाकडे येतो. त्या वर्षी नाताळ रमजानात आला होता. त्याआधीची दोन वर्षंही आला होता. आपलं साल चंद्रावर चालतं आणि दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतं, म्हणून असा योग दोन-तीन वर्षं येतो आणि मग तीसेक वर्षं येत नाही. २००० मध्ये तर ईद २८ डिसेंबरला होती, म्हणजे नाताळ आणि ईद यांच्यात जेमतेम दोन दिवस मोकळे. रविवार पेठेतून बदाम, चारोळी, मनुका आणायला मावशी आणि आम्ही एकत्रच गेलो. एकाच पिशवीतला मेवा अर्धा केकसाठी, अर्धा शिरखुर्म्यासाठी.

आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मावशी अंगणात घसरल्या. उजवा हात मनगटाजवळ मोडला. कोपरापर्यंत प्लास्टर. नगरच्या थोरल्या दिरांनी फोनवर सांगितलं, यंदा जेवण रद्द करा, नाहीतर केटररला सांगा. मावशींनी फोन ठेवला आणि वही घेऊन, डाव्या हाताने कठडा धरत, वर आल्या. वही आमच्यापुढे ठेवली. म्हणाल्या, "तुम्हाला रोजे आहेत, मला ठाऊक आहे. नाही म्हणालात तरी मला राग नाही."

आम्ही लगेच हो म्हणालो नाही, हे खरं तेच सांगायला हवं. रमजानात सहरला चारला उठायचं, दिवसभर घरचं काम, इफ्तार, तरावीह, वर ईदची तयारी. त्यातच सोलापूरहून फुफींचा फोन आला. फुफी म्हणजे आमच्या सासऱ्यांची बहीण, घरातलं शेवटचं बोलणं त्यांचं. त्यांना कुठूनसं कळलं होतं. त्या म्हणाल्या, "रमजान के महिने में दुसरों की ईद का खाना पकाओगे? अपनी ईद सर पर है, उसकी फिकर करो." आम्ही गप्प बसलो. कारण हा प्रश्न त्यांनी विचारायच्या आधी आमच्याही मनात येऊन गेला होता.

त्या वेळी सासरे आमच्याकडे होते. गावात मुलांना कुराणशरीफ शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांना विचारलं. त्यांनी फतवा दिला नाही. म्हणाले, सूरह मायदा आठवा. मायदा म्हणजे मांडलेलं ताट, दस्तरखान. त्या सूरहला हे नाव पडलं ते हजरत ईसांच्या सोबत्यांमुळे. त्यांनी हजरत ईसांना म्हटलं, की आकाशातून जेवण उतरू दे. आणि हजरत ईसांनी दुआ मागितली, की ते जेवण आमच्यातल्या पहिल्यांसाठी आणि शेवटच्यांसाठी ईद ठरो. त्याच सूरहमध्ये सुरुवातीला अहले किताबचं अन्न आपल्याला आणि आपलं त्यांना हलाल असल्याचंही सांगितलं आहे. मग चष्मा पुसत म्हणाले, "उपाशी माणसाने दुसऱ्याला जेवू घालायचं, यात रोज्याचं काय बिघडतं? बिघडलंच तर मिठाचं बिघडेल. चाखता येणार नाही तुम्हाला." म्हातारबुवा गमतीने बोलले, पण नेमकं तेच पुढे आलं.

रात्री वही वाचायला बसलो. तोवर आम्ही फक्त मधली पानं पाहिली होती, मावशींनी दाखवलेली. पहिलं पान त्या दिवशी प्रथम पाहिलं. आम्हाला वाटलं होतं तिथे पदार्थांची यादी असेल. पदार्थ तिसऱ्या पानावर होते. पहिल्या दोन पानांवर माणसं होती. प्रत्येक वर्षाची वेगळी यादी, आणि प्रत्येक नावापुढे काहीतरी लिहिलेलं. एकापुढे 'साखर आहे, खीर वेगळी'. एकीपुढे 'दात काढले, मटण जास्त शिजवणे'. एका भाच्यापुढे 'नोकरी गेली आहे, कुणी विचारू नये म्हणून शेजारी मी बसणे'. १९९८ च्या पानावर वर 'जेवण दुपारी १' असं लिहून ते खोडलं होतं, आणि बाजूला लिहिलं होतं, 'संध्याकाळी ७. वरच्यांचे रोजे.'

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. मावशींकडचं जेवण पूर्वी दुपारचं असे. चर्चमधून आले की पानं मांडली जात. १९९८ पासून ते संध्याकाळी होऊ लागलं तेव्हा आम्हाला वाटलं होतं, मुलाच्या ड्यूटीमुळे असेल. नगरची माणसं मुक्कामाला राहू लागली होती, कारण रात्री जेवून परतणं जमत नव्हतं. चाळीस माणसांची वेळ त्यांनी आमच्यासाठी बदलली होती, आणि त्याबद्दल दोन वर्षांत एक शब्द बोलल्या नव्हत्या. सकाळी सहर झाल्यावर थोरली खाली गेली आणि दारातूनच म्हणाली, "मावशी, कांदे किती किलो आणायचे?"

पुढचे दहा दिवस कसे गेले ते वहीनुसार सांगता येतं. भाजणी दळून आली. करंज्या आम्ही तरावीहनंतर लाटल्या, मधल्या मजल्यावरच्या वहिनींनी तळल्या. मावशी खुर्चीत बसून एका हाताने डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत. त्यांच्या डाव्या हाताचं अक्षर कुणाला लागत नसे, त्यामुळे शंकरपाळी म्हणून दोन वेळा चिवडाच उघडला. रमची बरणी फडताळात भरलेली होती, गणपतीनंतरची. मावशी म्हणाल्या, "ती राहू दे. ती वर्षभर टिकते. यंदा सगळा केक संत्र्याचा." जावई थोडे खट्टू झाले, पण प्लास्टरपुढे कुणाचं चालेना. केकचं मिश्रण कालवून आम्ही ते चौकातल्या बेकरीत भट्टीला दिलं. त्याच भट्टीत ईदसाठी आमची नानकटाई भाजली जात होती. बेकरीवाल्याने दोन्ही पावत्या एकाच नावावर केल्या.

नाताळ सोमवारी होता. रविवारी रात्री अकरा वाजता थोरलीने सहा किलो मटणाला दही, वाटण, मसाला, मीठ लावून तीन भांड्यांतून तीन फ्रिजमध्ये ठेवलं. सोमवारी दुपारी तीनला धाकटीने ते शिजायला घातलं, आणि कच्च्या मटणाला मीठ लावलं असेल हे तिच्या ध्यानात आलं नाही, म्हणून तिनेही मापाने मीठ टाकलं. आमचा दोघींचाही रोजा. अगदीच गरज असेल तर जिभेच्या टोकावर चव घेऊन थुंकून टाकता येतं, असं घरातल्या थोरल्या बायका सांगायच्या. पण आमच्याकडे चव घ्यायला मावशी होत्याच. "हात तुमचे, जीभ माझी," असं त्यांनी पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं. त्यांनी चमचाभर रस्सा तोंडात घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अगदी बरोबर." दोन दिवस त्यांना सर्दी होती. नाक पूर्ण बंद होतं. हे त्यांनाही सुचलं नाही आणि आम्हालाही नाही.

सहाला पाच-सात मिनिटं कमी असताना खाली घर भरलं होतं. मुलं भुकेने रडकुंडीला आलेली. नगरचे थोरले दीर, ज्यांनी केटररला सांगा म्हटलं होतं, ते घड्याळाकडे पाहत बसलेले. आमच्यासाठी एका ताटात खजूर, पेरू आणि पाण्याचे तांबे मांडून ठेवलेले. एका नातवाने हात पुढे केला तेव्हा तेच दीर त्याला म्हणाले, "थांब रे, आधी त्यांचं होऊ दे. दिवसभर पाणी नाही प्यायलेत." सूर्य मावळला. तक्त्यावरची वेळ झाली. आम्ही खजूर तोंडात घातला, पाणी प्यायलो, वर जाऊन मगरिब पढलो आणि थर लावायला खाली स्वयंपाकघरात आलो. तेव्हा पहिल्यांदा धाकटीने रस्सा बोटावर घेऊन चाखला. आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

खारट म्हणजे असा खारट, की जीभ आत ओढली गेली. बाहेर चाळीस माणसं. आमच्या डोक्यात एका क्षणात सगळं येऊन गेलं. फुफींचा फोन, दिरांचा केटरर, बाहेर बसलेली अनोळखी माणसं. एरवी स्वयंपाक बिघडला तर बाईचा बिघडतो. त्या दिवशी तो आमच्या सगळ्यांचा बिघडला असता, म्हणजे वाईपासून सोलापूरपर्यंतच्या सगळ्यांचा, असं आम्हाला वाटलं. आपल्यासारख्यांना ही भीती नवीन नाही. आपलं चुकतं तेव्हा एकट्याचं चुकत नाही.

वही ओट्यावर होती. पाच किलो तांदळाच्या खाली मावशींची ओळ होती: 'एक किलो जास्तीचा भिजवणे. कुणीतरी येतंच.' तो किलो भिजत ठेवलेला होता. भात अजून शिजवला नव्हता, कारण तो आधी करायचा नाही असं लाल शाईने लिहिलेलं होतं. या दोन ओळींनी आम्हाला वाचवलं. भाताच्या पाण्यात मिठाचा कणही न घालता सहाही किलो तांदूळ उकळला. रस्सा बराच काढून बाजूला ठेवला. घरातलं होतं नव्हतं तेवढं अळणी दही फेटून मटणात घातलं. कांद्याचा डबा रिकामा केला. थर लावून, कणकेने झाकण बंद करून पातेली दमावर ठेवली आणि आम्ही ओट्याला टेकून उभ्या राहिलो. पोटात खजुराशिवाय काही नव्हतं, पण भूक मेली होती.

मावशींनी मराठीत प्रार्थना केली. पानं वाढली. बिर्याणी खाण्यासारखी झाली होती, पण मीठ चढं होतंच. लोक एकमेकांकडे पाहतायत असं आम्हाला दिसलं, की भासलं, कोण जाणे. आम्ही काही बोलणार एवढ्यात मावशी प्लास्टरचा हात उचलून मोठ्याने म्हणाल्या, "मीठ जरा जास्त झालंय. चव मी घेतली होती. सर्दी आहे मला, काही कळत नव्हतं. पोरींचे रोजे होते, त्यांनी तोंडात घेतलेलं नाही." घरात एक क्षण शांतता पसरली. मग थोरले दीर म्हणाले, "नर्सबाईंच्या हातचं औषध कधी गोड लागलंय का?" आणि सगळं घर हसलं. त्यांनी बिर्याणी दुसऱ्यांदा मागून घेतली. पाण्याचा तांब्याही दोनदा भरून घेतला. तेवढं मीठ मात्र कुणाला लपवता आलं नाही.

दोन दिवसांनी, चांदरातीला फुफी सोलापूरहून आल्या. त्या जिना चढून आल्या तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात मावशी खाली चटईवर बसून डाव्या हाताने चारोळी निवडत होत्या. डेअरीचं दूध मोठ्या पातेल्यात आटत होतं. फुफींनी हे सगळं पाहिलं. काही बोलल्या नाहीत. मग पाट आणून मावशींच्या पाठीशी उभा करून दिला, टेकायला. नाताळच्या उरलेल्या करंज्या पुढे केल्या तेव्हा एक खाल्ली आणि म्हणाल्या, "खोबरा अच्छा भुना है." फुफींच्या तोंडून याहून मोठी कौतुकाची गोष्ट आम्ही कधी ऐकली नाही.

मावशी २००९ मध्ये गेल्या. जायच्या वर्षी त्यांनी वही आमच्याकडे दिली. मुलगी म्हणाली होती, आमच्याकडे कोण करतंय आता एवढं? आज नाताळचं जेवण मुलाकडे असतं, शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि बरंचसं बाहेरून येतं. त्यात वाईट काही नाही, माणसं येतात हे महत्त्वाचं. संत्र्याच्या रसातला केक मात्र आम्ही करून नेतो. आता दोऱ्याची गरज उरलेली नाही, तरी बरणीला दोरा बांधतो.

अलीकडे डिसेंबर आला की मोबाइलवर मजकूर फिरू लागतात. नाताळच्या शुभेच्छा देऊ नका, त्यांच्याकडचं खाऊ नका. ईदच्या आसपास तसेच मजकूर आपल्याबद्दल दुसरीकडे फिरत असतात. लिहिणारे कोण असतात ठाऊक नाही. पंचहौदाच्या चहाला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, पण हजर असलेल्यांची यादी छापणारे अजून संपलेले नाहीत. आम्ही त्यांच्याशी वाद घालत नाही, तेवढं ज्ञानही आमच्याकडे नाही. घरातली मुलं असा मजकूर दाखवतात तेव्हा आम्ही त्यांना वही काढून पहिलं पान दाखवतो. मोठ्या जेवणाची तयारी कांद्यापासून सुरू होत नाही, एवढंच त्यांना कळावं. जेवायला कोण येणार, त्याला काय चालतं, काय चालत नाही, त्याला कशाची लाज वाटेल, हे आधी ठरतं. मसाला नंतर कुटता येतो.

चंद्राच्या हिशोबाने २०३१ साली नाताळ पुन्हा रमजानात येईल. तोवर आम्ही साठी ओलांडलेली असेल. असू की नसू, अल्लाहला ठाऊक. आमच्या सुना आणि मावशींच्या नातसुना एकमेकींना ओळखतात, फोनवर बोलतात. तरी विसरायला नको म्हणून गेल्या ईदला आम्ही वहीत एक कोरं पान काढलं, वर साल घातलं आणि मावशींसारखंच लाल शाईने लिहून ठेवलं: '२०३१. जेवण संध्याकाळी. एक किलो तांदूळ जास्तीचा.'